कौटुंबिक प्रार्थना (मराठी ख्रिस्ती घरांतील)

ख्रिस्ती कुटुंबातील सर्वांनी रोज, बहुधा संध्याकाळी, घरातच एकत्र बसून करायची प्रार्थना. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हिला कौटुंबिक उपासना किंवा नुसते ‘घरची प्रार्थना’ म्हणतात. कॅथलिक घरांत तिचे मुख्य रूप म्हणजे जपमाळ, म्हणजेच रोझरी. गोव्यात तिलाच तेर्स म्हणतात. घरात सहा-सात वर्षांखालची मुले असली की या प्रार्थनेची वेळ, जागा आणि लांबी सर्वांत धाकट्या मुलाकडे पाहून ठरवावी लागते. मोठ्यांच्या सोयीने आखलेली अर्ध्या तासाची प्रार्थना लहान मुलांच्या घरात सहसा टिकत नाही. सात मिनिटांची, पण न चुकणारी प्रार्थना वर्षानुवर्षे चालते.

शास्त्राधार आणि पूर्वपीठिका

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे, अशी आज्ञा आहे. हे चारही प्रसंग रोजच्या घरगुती जगण्यातले आहेत. नव्या करारात प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेतो.

युरोपातील धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये ‘लघु प्रश्नोत्तरी’ लिहिली. तिचे भाग कुटुंबप्रमुखाने घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावेत, अशी तिची मांडणी आहे. सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थनाही तिच्यात आहेत. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेची नियमावली संमत केली. उपासना टाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी खाजगीत समज द्यावी आणि तरीही तो ऐकत नसेल तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, इथपर्यंत तिची तरतूद होती. कॅथलिक बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला ‘घरगुती चर्च’ म्हटले.

ल्यूथरने आणि स्कॉटिश नियमावलीने ही जबाबदारी वडिलांच्या नावे लिहिली. प्रत्यक्षात मुलांना हाक मारणे, हातपाय धुवून बसवणे, वचन पाठ करून घेणे हे काम घरोघरच्या आईनेच केले. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीची आई सुझाना वेस्ली (१६६९–१७४२) हिने आठवड्याची एकेक संध्याकाळ एकेका मुलाशी स्वतंत्र बोलण्यासाठी राखली होती. जॉनचा वार गुरुवार होता. नवरा लंडनला गेलेला असताना ती घरच्यांसाठी स्वतः प्रवचन वाचू लागली आणि पाहता पाहता शेजारीही येऊन बसू लागले. मुले बरीच असतील तर वार वाटून घेण्याची तिची पद्धत आजही उपयोगी पडते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ही रीत दोन वाटांनी आली. वसई पट्ट्यात आणि गोव्यात ती पोर्तुगीज काळापासून कॅथलिक रूपात आहे. देशावर आणि कोकणात एकोणिसाव्या शतकातील मिशनांनी ती आणली : अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आले, तर स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला पोचले. पण घरात ती खऱ्या अर्थाने रुजली ती देशी चालींमुळे. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ओवी, अभंग आणि भजनाच्या वळणाने रचलेली गीते पेटीशिवाय, नुसत्या टाळ्यांवर, स्वयंपाकघरातही म्हणता येत. अमेरिकन मराठी मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मासिक खास मुलांसाठी निघत असे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले.

वेळ आणि जागा

जेवणाआधीची वेळ सर्वांत खात्रीची. वरणभात पोटात गेला की तीन-चार वर्षांचे मूल दहा मिनिटांत पेंगते आणि त्याला जागे ठेवण्यातच प्रार्थनेचा वेळ जातो. स्वयंपाक होऊन गॅस बंद केला, ताटे अजून मांडली नाहीत, ती फट पकडावी. कुकरच्या शिट्ट्या चालू असताना बसू नये. आईचे अर्धे लक्ष शिट्ट्या मोजण्यात राहते आणि मुलांना ते लगेच कळते.

विरार किंवा कर्जत लोकलने रात्री नऊनंतर घरी येणाऱ्या वडिलांसाठी मुलांना ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही. आईने मुलांची प्रार्थना साडेसातला उरकावी. वडिलांनी निजण्याच्या वेळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना करावी आणि रविवारी पूर्ण उपासना चालवावी. आई परिचारिका असेल, रात्रपाळीला जात असेल, तर प्रार्थना तिच्या निघण्याआधी असावी. ठरलेल्या तासापेक्षा ठरलेला क्रम मुलांच्या अंगवळणी लवकर पडतो.

जागा एकच असावी : सतरंजी, पलंगाची कड, वेदीसमोरचा पाट. टीव्ही नुसता आवाज बंद करून ठेवला तर मुले चित्र बघत राहतात, म्हणून तो पूर्ण बंद असावा. बायबल फोनवर न वाचता छापील वाचावे. वचन चालू असताना वर सरकणारा संदेश मोठ्यांचेही लक्ष घालवतो. मेणबत्ती लावायची तर ती मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर, पडद्यापासून आणि ओढणीपासून दूर ठेवावी. ती लावायची कोणी आणि विझवायची कोणी यावरून भावंडांत हमखास भांडण होते; सोमवार-बुधवार एकाचा, मंगळवार-गुरुवार दुसऱ्याचा असे वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून टाकले की वाद मिटतो.

प्रोटेस्टंट घरांतील क्रम

गीत, वचन, एक प्रश्न, प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, हा नेहमीचा क्रम. गीत ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले किंवा शब्बाथ शाळेत (मंडळीत रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गात) शिकवलेले घ्यावे, त्याची दोनच कडवी म्हणावीत आणि तेच गीत आठवडाभर चालवावे. रोज नवे गीत घेतले तर न वाचता येणारी मुले नुसती बसून राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ध्रुवपद त्यांच्या तोंडी येते. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी सगळे मिळून तीन ते पाच मिनिटे, चार ते सहा वर्षांसाठी सात ते दहा, आणि पुढे पंधरा मिनिटांपर्यंत, असे माप धरावे. मुले वेगवेगळ्या वयांची असतील तर धाकट्याच्या मापाने संपवून मोठ्याशी नंतर वेगळे वाचावे.

वाचन निवडताना बरीच घरे अडखळतात. जानेवारीच्या पहिल्या तारखेला बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात होते. नोहा, अब्राहाम, योसेफ यांच्या गोष्टी रंगतात. पुढच्या निर्गम या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात, त्यानंतर लेवीय हे पुस्तक येते आणि मार्चपर्यंत प्रार्थनाच थांबते. लहान मुलांबरोबर मार्ककृत शुभवर्तमानापासून आरंभ करणे उत्तम : सोळाच अध्याय, भराभर घडणारे प्रसंग, आणि एका वेळी सहा ते दहा ओव्या पुरतात. (बायबलच्या वचनांना जुन्या पिढीत ओव्या म्हणत, ती सवय अजून अनेक घरांत आहे.) ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे अध्याय ३१ असल्याने तारखेप्रमाणे एकेक वाचण्याची रीत आहे. मोठ्यांसाठी ती चांगली. पण पाच ते सात या अध्यायांचा विषय व्यभिचार असल्याने त्या तारखांना मुलांबरोबर दुसरे काही घ्यावे. शास्ते या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय मुलांसमोर उघडूच नये.

बायबलच्या जुन्या मराठी भाषांतराची भाषा पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर जोडाक्षरेही जड जातात. आईने आधी प्रसंग स्वतःच्या बोलीत सांगावा, मग तोच भाग पुस्तकातून वाचावा. मूल ओळखीची नावे शोधत ऐकते. त्यानंतर एकच प्रश्न, आणि तोही ज्याचे उत्तर गोष्टीत आहे असा : ‘छपरातून खाली कोणाला सोडलं?’ ‘यातून आपण काय शिकलो?’ या प्रश्नाला मुले मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतात : ‘खोटं बोलू नये.’ गोष्ट कोणतीही असो.

पाठांतर तीन वर्षांपासून जमते. योहान ११:३५ हे वचन, ‘येशू रडला’, दोनच शब्दांचे आहे आणि बहुतेक मुलांचे पहिले वचन तेच असते. पुढे स्तोत्र ११७ घ्यावे, त्याची वचने दोनच. स्तोत्र २३ ची सहा वचने आठवड्याला एक याप्रमाणे दीड महिन्यात होतात, मात्र नवे वचन घेताना मागची सगळी रोज म्हणावी लागतात. नाहीतर सहावे येईपर्यंत पहिले गेलेले असते.

कॅथलिक घरांतील क्रम

जपमाळेत ५९ मणी असतात, ५३ लहान आणि ६ मोठे. प्रत्येक दशकात, म्हणजे दहा लहान मण्यांच्या गटात, एकदा ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, दहा वेळा ‘नमो मरिया’ आणि शेवटी त्रैक्याचा गौरव. प्रत्येक दशकाला येशू व मरिया यांच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन करतात, त्या प्रसंगांना रहस्ये म्हणतात : सोमवारी व शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. त्यामुळे आजीच्या जुन्या पुस्तकात ती नसतात आणि दर गुरुवारी आजी-सुनेचा थोडा गोंधळ उडतो.

पूर्ण माळेला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. तीन-चार वर्षांचे मूल एक दशक, म्हणजे तीन-चार मिनिटे, नीट बसते. पहिल्या दशकाला त्याला मांडीवर घ्यावे, मग तिथेच शेजारी खेळू द्यावे. आवाज त्याच्या कानावर पडत राहतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मण्यांची माळ देऊ नये. दोरा तुटला की मणी थेट तोंडात जातो, आणि गळ्यात घातलेली माळ अडकून फास बसू शकतो. त्याऐवजी जाड सुती दोरीला दहा गाठी माराव्यात, गाठी मारल्यावर ती वीतभरच राहावी. मोजायला त्या पुरतात, आणि मुलाने चघळली तरी दोरी धुता येते. मात्र प्रार्थना झाली की ती परत घ्यावी.

क्रूसाची खूण शिकवताना एक चूक घरोघरी होते. आई मुलासमोर बसून खूण करते आणि मूल आरशात पाहिल्यासारखे डाव्या हाताने, उलट्या खांद्यापासून करते. मुलाला पाठमोरे मांडीत घ्यावे, त्याचा उजवा हात आपल्या हातात धरावा आणि कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा फिरवावा. काही आठवड्यांत हात आपोआप वळतो.

गोव्यात तेर्स संपल्यावर मुले हात जोडून घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्याकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. दोन वर्षांच्या मुलाला प्रार्थनेतले हेच सर्वांत आधी येते, कारण यात त्याला उठून चालायला मिळते. वसईत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना आणि मे हा मरियेचा महिना म्हणून पाळतात. वाडीतल्या क्रूसासमोर शेजारची घरे एकत्र येतात तेव्हा एकट्या घरात कंटाळणारी मुलेही टिकून बसतात.

बिघडते कुठे

प्रार्थनेतून मुलाच्या चुका जाहीर करणे ही सर्वांत हानिकारक सवय. ‘देवा, आज याने बहिणीला चिमटा काढला, याला सद्बुद्धी दे’, असे सर्वांसमोर म्हटले की मुलाला प्रार्थना म्हणजे तक्रार वाटते. भांडण प्रार्थनेआधी मिटवावे, आणि मुलाकरता मागायचे ते त्याच्या कानाशी मागावे. ‘येशू रागावेल’ ही धमकी आणि शिक्षा म्हणून वचन लिहायला लावणे, दोन्ही टाळावे. त्याऐवजी आईने स्वतःची क्षमा मोठ्याने मागावी : ‘दुपारी मी विनाकारण ओरडले, मला क्षमा कर.’ मुले हे लक्षपूर्वक ऐकतात आणि त्यातूनच क्षमा मागायला शिकतात.

मुलांनी मागितलेले मोठ्यांनी सुधारू नये. मूल शेजारच्या कुत्र्यासाठी, तुटलेल्या सायकलसाठी, खाली पडलेल्या चॉकलेटसाठी मागते. त्यावर ‘आमेन’ म्हणावे. मूल आजारी असताना प्रार्थना जरूर करावी आणि औषध, डॉक्टर, लसीकरण वेळेवर करावे. एकासाठी दुसरे थांबवू नये.

बाळंतपणानंतरचे काही महिने आईने प्रार्थना चालवण्याची अपेक्षा कोणी धरू नये, तिने स्वतःही नाही. बाळाला पाजत पाजत ऐकणे हा त्या दिवसांतला तिचा पूर्ण सहभाग आहे. आजी, नवरा किंवा थोरले मूल चालवू शकते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एक दिवस सगळे सोपवले की तो गीत निवडतो, धाकट्यांना गप्प करतो आणि वाचनाची तयारी आदल्या दिवशीच करतो. एखादा आठवडा खंड पडला तर राहिलेले वाचन भरून काढू नये. आजच्या तारखेपासून पुढे सुरू करावे.

आखाती देशांत गेलेल्या कुटुंबांत आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवरून सामील होतात. दुबईची वेळ भारतापेक्षा दीड तास मागे असल्याने वसईचे आठ म्हणजे तिथले साडेसहा, आणि मुले अजून जागी असतात. सर्वांनी एकदम म्हटले तर आवाज मागे-पुढे होऊन ऐकणे अशक्य होते. नमो मरियेचा पहिला अर्धा आजीने वसईहून म्हणावा आणि दुसरा अर्धा मुलांनी दुबईहून. प्रोटेस्टंट घरांत वचन आजोबांनी वाचावे आणि गीत मुलांनी म्हणावे.