पिवळा रंग फिका पडला म्हणून साखर उतरते का?

गोव्यात कुणाच्याही परसात डोकावलात तर तुळशीपासून चार पावलांवर हल्ली एक कुंडी हमखास दिसते: 'इन्सुलिनचे झाड'. सकाळी उपाशीपोटी एक पान चावून खायचे आणि शुगर ताब्यात ठेवायची. फांदी शेजारणीने दिलेली असते, तिला तिच्या नणंदेने. एवढी मागणी का, हे कळायला फार खोलात जायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या प्रमाणात गोवा सगळ्या राज्यांच्या वर होता: प्रौढांमध्ये २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. म्हणजे चार माणसांत एक.

अशा राज्यात 'अमुक पाल्याचा अर्क मधुमेहावर गुणकारी, प्रयोगशाळेत सिद्ध' अशी बातमी आली की ती दुपारपर्यंत कुटुंबाच्या सगळ्या ग्रुपांवर फिरते. बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. पण प्रयोगशाळेत नेमके काय सिद्ध झाले, हे त्या दोन परिच्छेदांत कुठेच सापडत नाही.

सुरुवात साधी असते. पाला किंवा मूळ गोळा करायचे, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवायची, एक नमुना दाबून-वाळवून संग्रहात ठेवायचा. बाकीचा माल सावलीत वाळवून भुकटी करायची आणि पाण्यात, मेथनॉलमध्ये किंवा इथाइल ॲसिटेटमध्ये तिचा अर्क काढायचा. द्रावक उडवला की तळाशी चिकट, काळपट हिरवा लगदा उरतो. बातमीतला 'अर्क' तो हाच. ओळख पटवण्याचे काम कंटाळवाणे वाटते, पण तिथे चुकले तर पुढचे सगळे फुकट. गुळवेलीचेच बघा. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि लगेच वाद सुरू झाला की ती खरी गुळवेल, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा.

आता मुख्य चाचणी. भातातला किंवा पावातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. लाळेतले आणि स्वादुपिंडाचे अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे पचनाची क्रिया घडवणारे प्रथिन, तिचे तुकडे करते आणि लहान आतड्याच्या भिंतीवरचे अल्फा-ग्लुकोसिडेज त्या तुकड्यांतून शेवटचे मणी सुटे करते. मणी सुटल्याशिवाय ग्लुकोज रक्तात जात नाही. हे दुसरे एन्झाइम थोडे अडवले तर जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. ॲकार्बोज नावाची गोळी हेच करते.

प्रयोगशाळेत आतडे नसते, भातही नसतो. तिथे तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली असते, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येकात एन्झाइमचे थेंब, वेगवेगळ्या प्रमाणात अर्क, आणि भाताच्या जागी एक कृत्रिम पदार्थ: ग्लुकोजला चिकटवलेला नायट्रोफिनॉल. जोडीत असेपर्यंत तो रंगहीन. एन्झाइमने जोडी तोडली की नायट्रोफिनॉल सुटतो आणि खळगा पिवळा होतो. ताटली ३७ अंशांवर थोडा वेळ ठेवायची, सोडियम कार्बोनेट घालून क्रिया थांबवायची, आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग मोजायचा. अर्क नसलेली रांग लख्ख पिवळी. अर्क वाढत जाईल तशी पुढची फिकी. ज्या प्रमाणाला एन्झाइमचे काम निम्म्यावर येते तो आकडा म्हणजे आयसी-५०. तो जितका लहान, तितका अर्क जोरदार. बातमी लिहिणारे कधीकधी नेमके उलटे समजतात.

गोम पुढे आहे. या चाचणीसाठी सर्रास वापरले जाणारे अल्फा-ग्लुकोसिडेज माणसाचे नसते, उंदराचेही नसते. ते यीस्टचे असते, कारण ते स्वस्त आणि सहज मिळते. पण यीस्टचे हे एन्झाइम आणि आपल्या आतड्यातले यांची घडण वेगळी, दोघे वेगवेगळ्या कुळांतले. ॲकार्बोज आपल्या आतड्यातल्या एन्झाइमला घट्ट धरते, यीस्टच्या एन्झाइमवर मात्र त्याचा जोर फारच कमी पडतो. मग तुलनेला ॲकार्बोज ठेवले की कुठलाही बरा अर्क 'प्रचलित औषधापेक्षा कित्येक पट प्रभावी' ठरतो. कुस्ती जिंकलेली असते, पण समोरचा पहिलवान आधीच हात बांधून उभा होता. म्हणून असा शोधनिबंध हाती आला तर निष्कर्ष वाचण्याआधी एन्झाइम कुठून आणले ते शोधावे, असे माझे मत आहे. उंदराच्या आतड्याची भुकटी बाजारात मिळते. ती वापरणाऱ्यांचे आकडे सहसा कमी चमकदार असतात आणि जास्त विश्वासाचे.

दुसरी अडचण टॅनिनची. काजूची साल आणि पाला, जांभळाची साल, हिरडा या सगळ्यांत टॅनिन भरपूर. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटते. तोंडात तुरट लागते ते त्यामुळेच, लाळेतल्या प्रथिनांना ते धरते म्हणून. ताटलीतले एन्झाइमही प्रथिनच, त्यामुळे ते लुळे पडते आणि अर्क 'गुणकारी' निघतो. पोटात मात्र त्याच टॅनिनला डाळीपासून माशापर्यंत शंभर प्रथिने भेटतात. काळजीपूर्वक काम करणारे आधी टॅनिन काढून टाकतात आणि चाचणी पुन्हा करतात. शिवाय अर्काला स्वतःचा पिवळट-तपकिरी रंग असतो. तो वजा केला नाही तर यंत्र भलतेच काही सांगते.

ताटलीनंतर उंदीर. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. गोव्यातल्या बहुतेक रुग्णांचा, म्हणजे टाइप २ चा, मधुमेह असा होत नाही, हे एक. दुसरे मात्रेचे. उंदरांना किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असे धरू. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात. साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे ३.९ ग्रॅम सुका अर्क लागेल. शंभर ग्रॅम वाळल्या पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघतो असे मानले तर ३९ ग्रॅम वाळलेला पाला, आणि ओल्या पाल्यात तीन चतुर्थांश पाणी धरले तर दीडशे ग्रॅमच्या वर. रोज. परसातल्या त्या एका पानाचा हिशेब इथे कुठे बसत नाही.

माणसांवरच्या चाचण्या थोड्या, आणि त्या वाचताना सावध राहावे लागते. बिवळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या, लाकडाचा पेला, त्यात रात्रभर ठेवलेले पाणी, हे अनेकांना ठाऊक आहे. याच विजयसारावर वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले: नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात. आकडा चांगला आहे. पण तुलनेला खोटे औषध घेणारा गट नव्हता, आणि मधुमेह नुकताच कळलेला माणूस घाबरून गोड आपणहून सोडतो. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा तुलनेच्या गटासह तपासला, तेव्हा फरक दिसला नाही. आपल्याकडे पाने नव्हे तर बिया वापरतात, म्हणून तो निकाल बियांना तसाच लावता येत नाही.

तरीही ही वाट वांझ नाही. आज जगभर पहिल्यांदा लिहून दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी युरोपातल्या गॅलेगा या रानवनस्पतीच्या अभ्यासातून निघालेल्या रसायनांच्या घराण्यातली. मूळ झाडातला पदार्थ विषारी होता. मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरून दाखवले.

आपल्या बाजूचे सगळ्यांत भक्कम उदाहरण सप्तरंगीचे. कोकण-गोव्याच्या किनारी जंगलांत वाढणारी ही वेल. मूळ आडवे कापले की रंगीत वलये दिसतात. तिच्याच कुळातल्या श्रीलंकेतल्या वेलीपासून जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ साली सॅलासिनॉल वेगळे केले. आतड्यातल्या एन्झाइमवर त्याचा जोर ॲकार्बोजच्या तोडीचा आहे. इथे 'अर्क' हा शब्द मागे पडतो. रेणू हाती आहे, त्याची रचना माहीत आहे, तो कुठल्या मालात किती आहे ते मोजता येते. (ॲकार्बोजसारखेच वागायचे तर पोटात गॅस धरणेही आलेच. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात.)

अडचण अशी की औषध म्हणून मूळ खणून काढतात, आणि मूळ गेले की वेल गेली. थायलंडमधल्या सप्तरंगीच्या खोडातही सॅलासिनॉल आणि त्याची भावंडे सापडली आहेत. गोव्यात सत्तरीतल्या, काणकोणातल्या वेलींच्या खोडात ती किती, पावसाआधी जास्त की नंतर, किती जाडीची फांदी कापावी, हे मोजायला ९६ खळग्यांची ताटली, उंदराच्या आतड्याची भुकटी आणि रेणू वेगळे मोजणारे यंत्र एवढे पुरेसे आहे.