स्क्रोल सॉ : मवाळ दिसणाऱ्या पात्याचे गणित

गणपती महिन्यावर आले की बडोद्यातल्या मराठी घरांत मखराची बोलणी सुरू होतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांत आणि आता लांब पसरलेल्या सोसायट्यांतही हौशी मंडळी प्लायवूडची मखरे घरीच करतात. कमानी, जाळ्या, मोर, प्रभावळ हे सगळे हाताच्या फ्रेट सॉने कापत बसायचे तर मनगट भरून येते. म्हणून गॅलरीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात छोटा स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पाते वर-खाली करणारी विजेची करवत, येतो. हे यंत्र दिसायला गरीब आहे. सुताराच्या दुकानातली गोल करवत पाहून ज्यांच्या पोटात गोळा येतो, तेही याच्यासमोर निर्धास्त बसतात. त्या निर्धास्तपणाला आधार आहे, पण अर्धाच.

यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत 'हे करू नका, ते करू नका' अशी लांबलचक यादी असते आणि कारण एकाचेही दिलेले नसते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन काढले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिरीमागचे शास्त्र लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत कळले पाहिजे. तो आग्रह मला आजही अगदी योग्य वाटतो. म्हणून इथे नियमांपेक्षा त्यामागची कारणे जास्त सांगणार आहे.

आधी यंत्राची बाजू घेऊ. घरगुती स्क्रोल सॉचे पाते साधारण पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर वर-खाली होते. वेग मिनिटाला ४०० ते १६०० फेरे. पूर्ण वेगाला लावले तरी पात्याची सर्वांत जास्त गती सेकंदाला १.६ मीटर भरते, म्हणजे ताशी सहा किलोमीटरच्याही आत. माणूस झपझप चालतो तितकीच. याउलट दहा इंची पाते मिनिटाला ४००० वेळा फिरवणाऱ्या टेबल सॉचे, म्हणजे त्या गोल करवतीचे, दाते ताशी १९० किलोमीटरने धावत असतात. तिथे लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला अडकले तर ते उचलून थेट अंगावर फेकले जाते. स्क्रोल सॉ कापतो तो पाते खाली जाताना, आणि त्या क्षणी लाकूड टेबलावरच दाबले जाते. त्यामुळे अंगावर लाकूड येण्याचा तो भयंकर प्रकार इथे होत नाही.

आता दुसरी बाजू. मिनिटाला १६०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ फेरे. बोटाला दाता लागला हे कळून हात मागे येईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी जातो, आणि तेवढ्या वेळात पाते पाच वेळा वर-खाली होऊन गेलेले असते. मंद वेगाला, ४०० वर, तेच पाते फार तर दीड वेळा हलते. नवशिक्याने पहिले दिवस मंद वेगावरच काढावेत असे मी कळकळीने सांगतो ते यासाठी. जखम किती खोल होईल हे या यंत्रात बोट मागे घेण्याआधी किती फेरे झाले त्यावर ठरते.

शिवाय पाते प्रत्येक फेऱ्यात उलट फिरते. खाली जाताना ते लाकूड दाबते हे खरे, पण वर येताना ते लाकडाला धरून उचलू पाहते. कापलेल्या फटीत पाते जरा घट्ट बसले असेल, किंवा अणकुचीदार कोपऱ्यात वळवताना तिरपे पडले असेल, तर तुकडा पात्याला चिकटून वर उठतो आणि लगेच टेबलावर आपटतो. प्लायचा तुकडा बोटांखाली तडतड नाचायला लागतो. घाबरून माणूस तो जोराने दाबायला जातो आणि नेमकी त्याच वेळी बोटे पात्याकडे घसरतात. शिलाई मशीनला कापड दाबणारा पाय असतो तसा पाय स्क्रोल सॉलाही असतो, तो या उचलण्यासाठीच. तो लाकडाला जेमतेम टेकेल इतका खाली आणायचा. पुष्कळ जुने कारागीर तो काढून ठेवतात, कारण त्याच्याआड रेघ नीट दिसत नाही. त्यांचे हात तयार झालेले असतात. ज्यांचे झालेले नाहीत त्यांनी पाय काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट दात्यांचे पाते लावले असेल तर जास्तच जपावे. या पात्यात खालच्या टोकाचे काही दाते वरच्या दिशेने वळलेले असतात, म्हणजे प्लायच्या खालच्या बाजूची साल उपटत नाही आणि कड स्वच्छ येते. जाळीकामाला हे पाते उत्तम. पण वर जाताना तेही कापत असते, म्हणून लाकूड उचलण्याचा त्याचा ओढा साध्या पात्यापेक्षा जास्त. पाते बसवताना वरचे दाते खाली वळलेले आहेत ना, हे बोटाच्या नखाने हळूच चाचपून पाहावे, अर्थातच प्लग काढून. चुकून उलटे बसले तर सगळेच दाते वर ओढतात आणि यंत्र चालू होताक्षणी तुकडा उडतो.

हात कुठे ठेवायचे हेही यातूनच ठरते. बोटे पात्याच्या डाव्या-उजव्या बाजूला हवीत, पात्याच्या समोर रेषेत कधीच नकोत. लाकूड अचानक सुटले, म्हणजे कड संपली किंवा गाठ पार झाली, की ढकलणारा हात ज्या दिशेला दाब देत होता त्याच दिशेला जातो. बाजूला असलेला हात पात्याच्या शेजारून निघून जातो. तळहाताची कड टेबलावर टेकलेली ठेवली तर तो फार लांब जाऊही शकत नाही. बोट आणि पाते यांत निदान दोन इंच अंतर राहत नसेल तर तो तुकडा हाताने धरण्याजोगा नाही असे समजावे. मोराचा तुरा किंवा अक्षरांची वेलांटी कापायची तर आधी मोठ्या फळीवर दुहेरी चिकटपट्टीने तो तुकडा चिकटवून घ्यावा आणि फळी धरून कापावे. किंवा आतले बारीक काम आधी उरकावे, तुकडा मोठा आहे तोवर, आणि बाहेरची रेघ शेवटी कापावी.

यंत्राच्या हादऱ्याचे गणित तर मला फार आवडते. वर-खाली होणाऱ्या वस्तूला दर वेळी थांबवून उलट फिरवायला बळ लागते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४०० फेऱ्यांवर पात्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पावणेदोन पटीच्या आसपास असते. १६०० वर ते सत्तावीस पट होते. वेग चौपट झाला, हादरा सोळापट. हलक्या घडीच्या टेबलावर नुसते ठेवलेले यंत्र मंद वेगाला शांत असते आणि पूर्ण वेगाला थरथरत सरकू लागते, ते या कारणाने. जड टेबल, चार बोल्ट आणि खाली रबराची चकती एवढे केले तरी फरक लगेच हाताला जाणवतो. शिवाय थरथर कमी म्हणजे रेघ स्पष्ट दिसते, आणि रेघ दिसली की माणूस तोंड पात्याजवळ नेत नाही.

पाते किती ताणायचे हे बहुतेकांचे चुकते. साधारण कामाला चालणारे ५ नंबरचे पाते जेमतेम एक मिलिमीटर रुंद आणि ०.४ मिलिमीटर जाड असते, लांबी पाच इंच. अशी पट्टी लाकडाच्या दाबाखाली ताठ राहते ती निव्वळ ताणामुळे. ताण कमी असेल तर ती मागे आणि बाजूला फुगते, काप तिरका जातो, माणूस तो सरळ करायला लाकूड पिळतो आणि पाते तुटते. ताण पुरेसा आहे का हे कानाने कळते. बंद यंत्रावर पाते बाजूने टिचकीने छेडावे. तारेचा नियमच इथे लागू आहे: लांबी तीच ठेवून ताण चौपट केला तर सूर एक सप्तक वर जातो. नीट ताणलेले पाते स्वच्छ वाजते, ढिले पाते नुसते ठप् करते. कान साथ देत नसतील तर बोटाने मागून दाबून पाहावे, तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये.

नीट ताणलेले पातेही कधीतरी तुटणारच. मिनिटाला १००० फेरे धरले तर अर्ध्या तासात तीस हजार वेळा पोलाद थोडेथोडे वाकते, दात्यांच्या खाचेत सूक्ष्म चीर पडते आणि ती वाढत जाते. तुटताना 'टक्' असा आवाज येतो. तो ऐकल्यावर खाली वाकून काय झाले ते पाहायला जाऊ नये. कित्येक यंत्रांत पाते धरणारा वरचा दांडा चालूच राहतो आणि त्याला लटकलेला अर्धा तुकडा सुईसारखा वर-खाली टोचत असतो. हात बाजूला, स्विच बंद, मग बघणे. पायाने चालणारा स्विच असेल तर हे सगळे पाऊल उचलण्याइतक्या वेळात होते, म्हणून हौशी माणसाने या यंत्रावर करायचा पहिला जादा खर्च मी पायाच्या स्विचचा सांगेन. तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडू शकतो. साधा चष्मा बाजूंनी उघडा असतो, तो संरक्षण नव्हे. बाजू झाकणारा गॉगल चष्म्यावरूनही घालता येतो.

नव्या पात्याची आणखी एक खोड लक्षात ठेवावी. पाती बनवताना एका कडेला बारीक खरखरीत काठ उरतो. ती बाजू जास्त कापते आणि रेघ बहुधा उजवीकडे ओढली जाते. पात्याशी भांडण्यापेक्षा लाकूडच किंचित तिरपे धरून ढकलावे. दोनचार काप केले की हाताला तो कोन सापडतो. आणि ढकलायचे ते पाते कापेल तितकेच. जोर लावावासा वाटला तर पाते बोथट झाले आहे, ते बदलायचे.

इथवरच्या जखमा दिसणाऱ्या, दुखणाऱ्या. मला जास्त काळजी वाटते ती भुशाची, कारण त्याची जखम दिसत नाही. बारीक दात्यांचे पाते भुसाही बारीक पाडते. त्यातला जाड भाग टेबलाखाली पडतो, पण जो हवेत तरंगतो त्यातले कण केसाच्या जाडीच्या सातव्या हिस्स्याहून लहान असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण दीड मीटरवरून स्थिर हवेत खाली बसायला आठ-नऊ मिनिटे घेतो, पाच मायक्रॉनचा अर्धा तास. एक मायक्रॉनच्या कणाला बारा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे यंत्र बंद करून मास्क उतरवला आणि तिथेच चहा घेत बसलो, तर सगळ्यांत बारीक माल नेमका तेव्हा छातीत जातो. यंत्राला रेघेवरचा भुसा उडवायला एक छोटी फुंकणी असते. तिने रेघ स्वच्छ होते, पण धूळ थेट नाकाच्या उंचीवर येते. व्हॅक्यूम क्लीनरची नळी पात्याच्या खाली आणि शक्य असेल तर वर शेजारी बांधली तर यातले पुष्कळ टळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. पुरावा मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा, आणि तोही वर्षानुवर्षे धुळीत काम केलेल्या कामगारांचा. आठ दिवस मखर करणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ज्याचा हा बाराही महिन्यांचा छंद आहे आणि ज्याची कार्यशाळा म्हणजे घरातलीच एक खोली आहे, त्याने हे हलके घेऊ नये. एमडीएफच्या तयार फळ्यांमध्ये लाकडाचे तंतू बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने बांधलेले असतात, आणि फॉर्मल्डिहाइडलाही त्याच संस्थेने २००४ साली त्याच गटात घातले. सागवानाच्या भुशाने काहींच्या मनगटाला, मानेला खाज सुटते, पुरळ उठते. ही लाकडातल्या नैसर्गिक रसायनांची ॲलर्जी असते, आणि एकदा जडली की पुढे थोड्या भुशानेही उठते. कापडी रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो, पण गालाला नीट बसला तरच. दाढीवरून तो बसत नाही.

झाडूने भुसा लोटू नये, खाली बसलेले सगळे पुन्हा हवेत चढते. ओल्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यात खिडक्या मिटून काम करण्याचा मोह होतो, तेव्हा तर हे पाळावेच.

अॅक्रिलिकवर गणपतीचे नाव कापणारे बरेच असतात. तिथे वेग कमी ठेवावा. अॅक्रिलिक १०५ अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते. वेगवान पात्याच्या घर्षणाने ते वितळते, पात्यामागे फट पुन्हा जुळून येते आणि पाते आतच पकडले जाते. मग पुन्हा तेच, तुकडा वर उचलला जाणे आणि आपटणे. रेघेवर साधी पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवून कापले तर घर्षण कमी होते. लाकूड जळून काळे पडत असेल तर तिथेही ही युक्ती चालते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. पदर आणि ओढणी खोचलेली, बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवलेले. हातमोजे सुरक्षित वाटतात, पण त्यांचा सुटा धागा दात्यात गुंतला तर बोटासकट खाली ओढला जातो, आणि लाकूड बोटांना काय सांगते आहे ते कळेनासे होते. म्हणून इथे उघडे हातच बरे.

काम चालू असताना वीज गेली तर आपण सहज उठतो, पाणी पितो, फोन बघतो. यंत्राचा स्विच मात्र चालूच राहिलेला असतो. काही यंत्रांना वीज गेली की आपोआप सुटणारा स्विच असतो, स्वस्त यंत्रांना बहुधा नसतो. वीज परत येताच ते एकटेच धावू लागते, टेबलावर कोणाचा हात असो वा नसो. वीज गेली की आधी स्विच बंद करावा आणि प्लग काढावा. घरात लहान मुले असतील तर काम संपल्यावर पातेही सोडवून डबीत ठेवावे. पात्यांची डबी कपाटात वर आणि प्लगच्या वायरला छोटे कुलूप, एवढे पुरते.