‘ही रन्स’मधला एस आला कुठून

इंग्रजी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वहीत लाल पेनाने गोल केलेलं एक ‘शी गो’ असतंच. माझ्या वहीत तर आठवीपर्यंत होतं. आणि डोक्याचा भुगा व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीने, नामाला एस लावला की अनेकवचन आणि क्रियापदाला लावला की एकवचन, म्हणजे ‘द बॉय रन्स’ पण ‘द बॉईज रन’, हा काय प्रकार आहे? मग कुणीतरी सांगतं की एस एकच असतो, नामाने घेतला की क्रियापदाला मिळत नाही. लक्षात ठेवायला बरंय, पण ‘चिल्ड्रन रन’ आलं की तिथे दोघांनाही मिळत नाही आणि जुगाड संपतो. खरं तर हे दोन एस एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. नामाचा एस जुन्या इंग्रजीतल्या ‘आस’ या प्रत्ययातून आलाय, स्टान म्हणजे एक दगड, स्टानास म्हणजे बरेच दगड. क्रियापदाचा एस दुसऱ्याच वाटेने आला आणि ती वाट जरा वाकडीच आहे.

हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजी बघितली तर मराठी माणसाला उलट घरी आल्यासारखं वाटेल. गाणं या क्रियापदाची रूपं बघा: इक सिंगे, थू सिंगेस्ट, हे सिंगेथ, वे सिंगाथ. मी गातो, तू गातोस, तो गातो, आम्ही गातो, तसंच की. त्यातला थू म्हणजे आपल्या तूचाच लांबचा भाऊ (ऐकायला कसाही वाटो). आणि सिंगेथच्या शेवटचा तो ‘थ’ म्हणजे संस्कृतातला ‘ति’. संस्कृत भरति, म्हणजे वाहून नेतो, आणि जुन्या बायबलमधलं ‘बेअरेथ’ हे शेजारी ठेवून वाचा, एकाच मूळ शब्दाची दोन रूपं आहेत ती. ‘टू बी’ एवढं विचित्र का आहे तेही इथेच कळतं, ते एक क्रियापद नाहीच, मोडलेल्या क्रियापदांचे तुकडे जोडलेत. ॲम आणि इज म्हणजे आपले अस्मि-अस्ति, बी म्हणजे भू धातू, आणि वॉज-वेअर म्हणजे वस्, राहणे.

मग एवढे प्रत्यय गेले कुठे? झिजले. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जोर देऊन बोलायची सवय, त्यामुळे शेवटची अक्षरं पुटपुटल्यासारखी व्हायची आणि पुटपुटलेलं हळूहळू ऐकूच येईनासं होतं. त्यात उत्तरेत व्हायकिंग येऊन राहिले, त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातली पण प्रत्यय वेगळे, तिथे रोजच्या व्यवहारात मूळ शब्द कळले तरी भागायचं, अशाने झीज वाढली असं बरेच अभ्यासक मानतात. ‘दे’ हे सर्वनाम तर त्यांच्याकडूनच आलंय.

आता आपला एस. लिंडिसफार्न गॉस्पेल्स नावाचं लॅटिन हस्तलिखित आहे, 10व्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्याच्या ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिले. त्याच्या उत्तरेकडच्या बोलीत ‘थ’च्या जागी जागोजागी ‘स’ दिसतो, कधी हा कधी तो. म्हणजे एस उत्तरेचा. दक्षिणेत ‘थ’ टिकून होता, मधल्या पट्ट्यात अनेकवचनाला ‘एन’ लागायचा, दे सिंगेन. इंग्रज कवी चौसरने 14व्या शतकाच्या शेवटी आपल्या एका कथेत उत्तरेकडचे दोन विद्यार्थी आणले आणि त्यांच्या तोंडी मुद्दाम हा एस घातला, लंडनच्या वाचकाला बोलण्याची गंमत वाटावी म्हणून. बाकी निवेदनात तो स्वतः ‘थ’च वापरतो. आणि ज्या एसला तेव्हा लंडन हसलं तोच एस पुढच्या दोनशे वर्षांत लंडननेच उचलला! आज जगभर जे शुद्ध म्हणून घोकून घेतात ते एकेकाळी राजधानीत गावाकडचं बोलणं होतं.

बदल काही एका रात्रीत झाला नाही. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शियाचं दयेवरचं भाषण आहे ना, त्यात एकाच ओळीत ‘ब्लेसेथ’ पण आहे आणि ‘गिव्ह्ज’, ‘टेक्स’ पण आहे. दोन्ही चालत होतं, कवितेत एक मात्रा जास्त हवी की एथ, नको की एस, सोयीचा मामला. 1611च्या बायबलमध्ये मात्र सगळीकडे एथच, कारण ग्रंथाची भाषा भारदस्त हवी. रिचर्ड हॉजेस नावाच्या एकाने 1643 मध्ये स्पेलिंगवर पुस्तक काढलं, त्यात तो सांगतो की असे शब्द लिहिताना आपण दोन अक्षरी लिहितो पण बोलताना एकच उच्चारतो, म्हणजे कागदावर ‘लीडेथ’ आणि तोंडात ‘लीड्स’. लिहिणं मागे आणि बोलणं पुढे, हे काही नवीन नाही. जुन्या पत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना असंही दिसलंय की हा एस उचलण्यात बायका पुरुषांच्या पुढे होत्या. हॅथ आणि डथ तेवढे 18व्या शतकापर्यंत तग धरून राहिले.

कॅन, मे, शॅल, मस्ट यांना एस का लागत नाही? कारण यांचं वर्तमानकाळाचं रूप मुळात जुनं भूतकाळाचं रूप आहे, आणि भूतकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला ‘थ’ कधी नव्हताच. म्हणून ‘ही कॅन्स’ झालं नाही.

आता ‘यू’. तूसाठी दाउ (तो मघाचा थूच) आणि तुम्हीसाठी यू असं होतं, मग आदर म्हणून एकट्यालाही यू म्हणू लागले आणि दाउ सोबत ‘एस्ट’ही घेऊन गेला. पण एकट्या माणसाला यू म्हणायचं तर क्रियापद कुठलं लावायचं? 18व्या शतकात चांगली शिकलेली माणसंही एकाला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वेअर’ म्हणत होती, आणि माझं वैयक्तिक मत म्हणजे ते आजच्यापेक्षा स्पष्ट होतं. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आपल्या व्याकरणात ‘यू वॉज’ला घोर चूक ठरवलं, 1795 मध्ये लिंडली मरेचं व्याकरण आलं, ते प्रचंड खपलं, शाळांमध्ये गेलं, आणि बोलण्यातली सवय होती ती मार्क कापण्याची गोष्ट झाली.

तरी सगळं काही पक्कं झालं नाहीच. अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेत युनायटेड स्टेट्ससाठी ‘देम’ आहे, 1865च्या 13व्या दुरुस्तीत सुद्धा ‘देअर’ आहे, आज तिथे कुणी ‘युनायटेड स्टेट्स आर’ म्हणणार नाही. ब्रिटिश माणूस ‘द टीम आर’ आरामात म्हणतो, अमेरिकन ‘द टीम इज’.

आपण या एसला का विसरतो याचं माझ्यापुरतं उत्तर असं की तो काही सांगतच नाही. मराठीत नुसतं ‘येतोस का’ म्हटलं की तू कळतो, पुरुष आहे हेही कळतं, प्रत्यय काम करतो. इंग्रजीत ‘ही’ आधीच म्हणून झालेलं असतं, मागून येणारा एस तेच परत सांगतो.

आणि खुद्द इंग्लंडमध्ये सगळे तो लावतात असंही नाही. उत्तरेच्या काही बोलींमध्ये आजही ‘दे सिंग’ पण ‘द बर्ड्स सिंग्ज’, म्हणजे क्रियापदाला चिकटून सर्वनाम असेल तर एस नाही, नाम असेल तर अनेकवचनालाही एस. आणि पूर्वेला नॉर्विचच्या बाजूला जुन्या बोलीत एस मुळी लागतच नाही. 16व्या शतकाच्या शेवटी त्या शहरातली साधारण एक तृतीयांश माणसं डच आणि फ्रेंच बोलणारे निर्वासित होती, त्याच सुमाराला एथ की एस हा गोंधळ चालू होता, त्यात परक्यांनी काहीच न लावता बोलायला सुरुवात केली असावी आणि तेच रुळलं असावं, असं पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं. तिथली एखादी म्हातारी पिढ्यान्‌पिढ्यांची इंग्रज असते, आणि बिनधास्त ‘शी गो’ म्हणते.