सूर्य जवळ येणं वेगळं आणि डोक्यावर येणं वेगळं

आंब्याला मोहोर यायला थंडी लागते हे कोकणात कुणाला सांगायला नको, डिसेंबर-जानेवारीत गारठा पडला नाही की बागायतदाराचा जीव नुसता टांगणीला लागतो. आणि नेमकं ह्याच दिवसांत, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते! शाळेत उपसूर्य म्हणून शिकवतात ते हेच, अंतर साधारण 14.7 कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला अपसूर्य, तेव्हा 15.2 कोटी. म्हणजे सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की थंडी, हे जे बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ते साफ चूक आहे.

अंतराने काहीच होत नाही असं नाही हां, जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्त ऊर्जा येते, पण ती अख्ख्या पृथ्वीला येते, मग तेव्हाच मेलबर्नला उन्हाळा आणि लंडनला कडाक्याची थंडी कशी? विषुववृत्त फुगीर म्हणून सूर्याच्या जवळ, म्हणून तिथे गरम, असंही लोक सांगतात, पण पृथ्वीची अख्खी त्रिज्याच 6,400 किलोमीटरच्या आत आहे, 15 कोटींपुढे ती किती?

खरा खेळ कोनाचा. रात्री लाईट गेली की बॅटरी सरळ खाली जमिनीवर मारून बघा, छोटा लख्ख गोल पडतो, मग ती तिरकी करा, तोच उजेड लांबट होऊन पसरतो आणि फिका पडतो. उन्हाचंही तसंच. पृथ्वीचा आस 23.5 अंश कललेला आहे, डिसेंबरात मेलबर्नचा दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि आपला उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर, त्यामुळे 22 डिसेंबरला रत्नागिरीत (17 अंश उत्तर) भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नासेक अंश वर असतो आणि लंडनला (51.5 अंश उत्तर) जेमतेम 15. जेवढं ऊन रत्नागिरीत 1.3 चौरस मीटरवर पडतं तेवढंच लंडनला जवळपास 4 चौरस मीटरवर पसरतं, त्यात तिरकं येताना हवेचा जास्त थर कापावा लागतो आणि दिवसही आठ तासांपेक्षा कमी.

हे सगळं घरच्या घरी दिसतं. घराची पडवी दक्षिणेला असेल तर डिसेंबरात दुपारचं ऊन पार आत, झोपाळ्याखाली येतं, मे महिन्यात तेच बाहेरच्या बाहेर थांबतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, खळ्यात आमसुलं वाळत पडलेली असतात तेव्हा, एक दिवस साडेबाराच्या सुमारास मांडवाच्या खांबाची सावली चक्क नाहीशी होते, शून्य सावली! मला दरवर्षी ते बघायला उभं राहावंसं वाटतंच. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि खांबाची सावली दक्षिणेला पडते, पण पावसाळी ढगांमुळे ती बघायला मिळते क्वचितच.

मग जूनमध्ये सूर्य डोक्यावर असून मेपेक्षा गार का, तर हेच ढग. आणि सोलापूरसुद्धा जवळपास आपल्याच अक्षांशावर, दुपारचा कोनही जवळपास तोच, तरी मे महिन्यात तिथे पारा चाळिशी ओलांडतो आणि रत्नागिरीत सहसा पस्तिशीच्या आतच राहतो, कारण दुपार झाली की इथे समुद्रावरून खारा वारा सुटतो.