ट्रेनिंगला येताना तुमचा धडा घेऊन या
(शाळांसाठी आणि येणाऱ्या शिक्षकांसाठी माहिती)

वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं याचं ट्रेनिंग आम्ही शिक्षकांना देतो. त्याच्या बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, तुम्ही कुठकुठली ॲप शिकवता? आणि दुसरा, एका दिवसात होईल ना? दोन्ही प्रश्न साहजिक आहेत, पण प्रत्येक शाळेला तेच उत्तर फोनवर वीस वीस मिनिटं देण्यापेक्षा आता एकदा नीट लिहून काढलंय. तारीख घ्यायच्या आधी मुख्याध्यापकांनी वाचा आणि जे शिक्षक येणार आहेत त्यांनाही वाचायला द्या. प्रोजेक्टर जोडणं, लिंक पाठवणं, साधी पीपीटी बनवणं एवढं येतं असं आम्ही धरून चालतो. ज्यांना येत नाही त्यांनी आधी कळवा, त्यांच्यासाठी दोन तासांचं वेगळं सेशन घेतो, त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ वाया कशात जातो, तर शिक्षक धडा न घेता येतात त्यात. म्हणजे लॅपटॉप असतो, चार्जर असतो, वही-पेन असतं, पण पुढच्या पंधरा दिवसांत आपण वर्गात नेमकं काय शिकवणार आहोत ते बरोबर नसतं. मग चला कुठलाही एखादा विषय घेऊ म्हटलं की दिसायला छान असा धडा निवडला जातो, बहुतेक वेळा सूर्यमाला, त्यावर सुंदर ॲनिमेशन तयार होतं, टाळ्या पडतात, सगळे खूश होऊन घरी जातात. आणि तो धडा त्या वर्षापुरता आधीच शिकवून झालेला असतो. पुढच्या वर्षी तो परत येईल तोपर्यंत कुठे क्लिक करायचं होतं ते सगळं विसरलेलं. यात निदान दोन-अडीच तास जातात आणि ते शिक्षकांच्या वाट्याचे जातात, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

सुरुवातीच्या काळात आमच्याकडूनही हीच चूक झाली. एका शाळेत मोठ्या हॉलमध्ये ऐंशीच्या आसपास शिक्षक, दोन दिवस, चौदा ॲप. फीडबॅक फॉर्मवर सगळं उत्तम लिहून आलं. महिन्याभराने मी सहज भेटायला गेले आणि वर्गावर्गात फिरले, तर स्मार्टबोर्डवर व्हिडिओ लावण्यापलीकडे कुणी काही करत नव्हतं. एका मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की बटणं सगळी आठवतात पण ती कधी दाबायची ते कळत नाही. त्या वाक्यानंतर आम्ही आमचा सगळा कार्यक्रम बदलला आणि आजही तोच चालतो.

हे फक्त आमचंच म्हणणं नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं वेगळं, म्हणजे मुलं कुठे चुकतात, कुठलं उदाहरण दिलं की गाठ सुटते, हे स्वतंत्र ज्ञान आहे. त्यात २००६ साली पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी तंत्रज्ञानाचा भाग जोडला, त्याला टीपॅक म्हणतात, बीएडला वाचलं असेल. त्याचा साधा अर्थ असा की विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान ही तीन जिथे एकत्र येतात तिथेच खरं काम होतं. तिसरी गोष्ट एकटी उचलून शिकवली तर वर्गात उतरत नाही, कारण वर्गात ती एकटी कधी लागतच नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते म्हणजे आम्ही काय मागतोय ते लक्षात येईल. विज्ञानाचे एक सर आले होते, त्यांना "स्मार्टबोर्ड शिकायचा" होता. आम्ही विचारलं, पुढच्या आठवड्यात काय आहे? विद्युत परिपथ. मुलं कुठे अडतात? थोडा विचार करून म्हणाले, मुलांना वाटतं बल्बमध्ये करंट खर्च होतो, म्हणून एकापुढे एक दोन बल्ब लावले तर पहिला जास्त उजळेल आणि दुसऱ्याला उरलेला करंट मिळेल. झालं, अर्धं काम इथेच झालं! हा गैरसमज जगभरच्या मुलांमध्ये दिसतो आणि नुसतं तोंडी सांगून जात नाही.

त्यावर आम्ही जे बसवलं ते असं. फेट नावाची सिम्युलेशन आहेत, म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग, कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली, फुकट आहेत, त्यातलं सर्किट कन्स्ट्रक्शन किट घेतलं. बॅटरी आणि दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले, पण स्विच उघडा ठेवला, म्हणजे करंट अजून वाहत नाही. आणि स्विच दाबायच्या आधी प्रश्न: पहिला जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल, की दोन्ही सारखे? प्रत्येकाने आपलं उत्तर एकट्याने द्यायचं. मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालायचा, परत उत्तर द्यायचं, आणि त्यानंतरच स्विच दाबायचा. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात, आणि करंट मोजणारा अमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, मध्ये लावा, शेवटी लावा, आकडा तोच येतो. मग बल्ब घेतो काय, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात आणि तिथून ऊर्जेकडे जाता येतं.

यात स्मार्टबोर्ड किती वेळ वापरला? फार तर सहा-सात मिनिटं. पण नेमक्या जागी वापरला. खरे बल्ब का नाही वापरायचे, असं त्या सरांनी विचारलं आणि प्रश्न योग्य होता. दुकानातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात, एक जरासा मंद दिसला तरी मुलांचा गैरसमज पक्का होतो. म्हणून आधी सिम्युलेशन, मग खरं प्रात्यक्षिक, आणि फरक दिसला तर तो का दिसला यावर चर्चा. खरं प्रात्यक्षिक बंद करा असं आम्ही कधीच सांगत नाही.

शेजाऱ्याशी चर्चा करून परत उत्तर द्यायची पद्धत हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची, १९९१ पासून ते वापरतात. त्यांचा ठोकताळा उपयोगी आहे: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के मुलांचं बरोबर आलं तर चर्चेचा फायदा होतो, त्याहून कमी आलं तर परत समजवा, जास्त आलं तर पुढे सरका. आणि अंदाज आधी का घ्यायचा, तर त्यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवलं की ज्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं त्यांना ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळलेलं नव्हतं, आधी अंदाज बांधणाऱ्यांना मात्र जास्त कळलं. म्हणून व्हिडिओ लावून मुलांना गप्प बसवण्याला आम्ही टेक्नॉलॉजीचा वापर म्हणत नाही.

तर घेऊन काय यायचं? पुढच्या दोन-तीन आठवड्यांतला एक घटक, तुमच्या टाचणवहीतलं ते पान, आणि एकच वाक्य: मुलं कुठे अडतात. हे वाक्य लिहिताना गडबड होते. "मुलांना अपूर्णांक कळत नाहीत" यावर आम्ही काहीच करू शकत नाही. "मुलांना १/५ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो कारण ५ मोठा आहे" यावर दहा मिनिटांत काहीतरी बनवता येतं. सुचत नसेल तर मागच्या चाचणीच्या पाच-सहा उत्तरपत्रिका चाळा, एकच चूक चार जणांनी केलेली दिसेल, तीच आणा. उत्तरपत्रिकाच घेऊन आलात तर अजून चांगलं, फक्त मुलांची नावं झाकून आणा.

भाषेचे आणि इतिहासाचे शिक्षक हमखास म्हणतात आमच्या विषयात याचं काय काम. खूप आहे. निबंध शेअर केलेल्या डॉक्युमेंटमध्ये लिहायला लावला तर आधीच्या आवृत्त्या बघता येतात, म्हणजे मुलाने तुमचा शेरा वाचून खरंच काय बदललं ते कळतं, वहीत हे दिसत नाही. वाचन अडखळत असेल तर मुलाने आपला आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायचा, दुसऱ्या दिवशी परत. यात शिकण्यासारखं ॲप काहीच नाही, तरी मला हा वापर फार आवडतो.

गणितवाल्यांसाठी जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर आहेच, मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं. परिमिती तीच ठेवून आयताची बाजू सरकवली की क्षेत्रफळ कसं बदलतं हे मुलं स्वतः सरकवून बघतात. बोट मुलाचं पाहिजे, तुमचं नाही.

ॲपची यादी आम्ही आधी देत नाही त्याचं कारण आता लक्षात आलं असेल. यादी दिली की शिक्षक यादी शिकायला येतात. धडा कळला की त्याला लागेल ते एक किंवा दोन साधन, बस. कधीकधी आम्ही सांगतो की या धड्याला खडू आणि फळाच चांगला, आणि ते सांगायला आम्हाला काही कमीपणा वाटत नाही.

एका बॅचमध्ये २० च्या वर शिक्षक घेत नाही. मोठ्या शाळांना हे पटत नाही, सगळ्यांचं एकदम झालं की बरं असं वाटतं. पण प्रत्येकाच्या धड्यापाशी आमच्यापैकी कुणीतरी निदान दोनदा बसलं पाहिजे आणि आम्ही चारच जण आहोत. दुपारनंतर प्रत्येक जण आपल्या धड्याचा बसवलेला तुकडा बाकीच्यांसमोर दहा मिनिटं शिकवून दाखवतो, बाकीचे मुलं होऊन मुद्दाम चुकीची उत्तरं देतात. हा भाग गाळा, लवकर सोडा, अशी विनंती दर वेळी येते आणि दर वेळी आम्ही नाही म्हणतो.

आणि हे एका दिवसावर संपत नाही, तीन आठवड्यांनी आम्ही परत येतो, वर्गात मागे बसतो, नंतर शिक्षकाशी बोलतो. याचे पैसे वेगळे लावत नाही, पॅकेजमधून काढूनही देत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच हे लिहून ठेवलंय की माहिती आणि प्रात्यक्षिक दाखवून नवीन पद्धत वर्गात पोहोचत नाही, वर्गात सोबत करणारं कुणीतरी लागतं. आमचा अनुभव अगदी तोच आहे. पहिल्यांदा वर्गात काहीतरी अडकतं, चाळीस मुलं बघत असतात, आणि शिक्षक ठरवतात की परत नको. तेव्हा कुणी बरोबर असलं तर दुसऱ्यांदा होतं. सर्टिफिकेटही म्हणूनच या भेटीनंतर देतो.

छोट्या गोष्टी पटकन सांगते. लॉगिन आणि पासवर्ड आदल्या दिवशी एकदा वापरून बघा, शाळेचा ईमेल असेल तर तो कुणाच्या ताब्यात आहे तेही शोधून ठेवा. पडद्यावर वेगळं आणि लॅपटॉपवर वेगळं दिसत असेल तर विंडोज बटण आणि पी दाबून डुप्लिकेट निवडा. पीपीटी चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की येतो, मुलांनी तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा वापरा, हे एवढं शिकूनच काही जण खूश होतात. स्लाइडवर लिहिलेलं जसंच्या तसं वाचू नका, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसतं की चित्र आणि बोलणं पुरेसं असतं, तेच शब्द पडद्यावरही टाकले तर उलट अडचण होते. इंटरनेटची खात्री नसेल तर काळजी नको, फेटची नवीन सिम्युलेशन डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, जिओजेब्राही चालतं. मुलांना उत्तर द्यायला टॅब नसतील तर ए, बी, सी लिहिलेली कागदी कार्डं घ्या, मझूर यांची पद्धत कार्डांवरही तितकीच चालते.

एआय शिकवता का, हे आता प्रत्येक फोनवर विचारतात. हो, पण त्याच पद्धतीने. बहुपर्यायी प्रश्नाचे चुकीचे पर्याय बनवायला त्याची चांगली मदत होते, कारण मुलांना खरे वाटतील असे चुकीचे पर्याय सुचवणं अवघड असतं. पण प्रत्येक प्रश्न आणि उत्तर स्वतः तपासायचं, ते खात्रीने चुकीचं सांगू शकतं, आणि मुलांची नावं, मार्क, फोटो त्यात अजिबात टाकायचे नाहीत.

बुकिंगसाठी शाळेने आम्हाला येणाऱ्या शिक्षकांची नावं, प्रत्येकाचा घटक, ते एक वाक्य, आणि ज्या वर्गात शिकवणार त्या वर्गाचा एक फोटो पाठवायचा. फोटो पुढच्या नाही, शेवटच्या बाकावरून काढा, म्हणजे पडदा मागच्या मुलाला दिसतो का आणि उजेड कुठून येतो ते आम्हाला कळतं. हे आठ दिवस आधी पोहोचलं की आम्ही प्रत्येक धडा वाचून, लागेल ते साधन तपासूनच येतो आणि सकाळी पहिल्या तासापासून काम सुरू होतं. सगळ्यांची वाक्यं आली नसतील तर ज्यांची आलीत तेवढ्यांची बॅच घेतो, बाकीच्यांना पुढची तारीख देतो. वाक्य जमत नसेल तर फोन करा, संध्याकाळी आमच्यापैकी एक जण फक्त याच कामासाठी बसलेला असतो, आणि त्या बोलण्याचे पैसे आम्ही घेत नाही.