विष निकामी करणं एकट्या यकृताचं काम नाही

‘शरीरातलं विष फक्त यकृत काढतं, आणि उंदराला सोसलं ते माणसालाही सोसतं’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मोठा वाटा यकृताचाच, हे खरं. पण विष हाताळणारी जनुकं फुफ्फुस, मूत्रपिंड, आतडं यांतही कमी-जास्त चालू असतात. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन घ्या. छोट्या उंदराच्या (माउसच्या) श्वासनलिकांच्या अस्तरात सीवायपी२एफ२ नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, भरपूर असतं. ते नॅफ्थलीनचं रूपांतर आणखी घातक रसायनात करतं आणि त्याच पेशी मरतात. म्हणजे विष काढायला बसवलेला कामगारच तिथे विष तयार करतो! रॅटच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या फुफ्फुसाला तेवढ्याच वाफेने फारशी इजा होत नाही.

राहण्याची जागाही फरक पाडते. पिंजऱ्यात सीडर किंवा पाइनच्या लाकडाचा भुसा अंथरला की उंदरांच्या यकृतातली औषध निकामी करणारी एन्झाइम्स वाढतात आणि झोपेच्या औषधाची गुंगी लवकर उतरते, हे १९६७ सालीच प्रसिद्ध झालं होतं. नुसत्या अंथरुणाने!

मला सगळ्यात काळजी वाटते ती शेंगदाण्यांची. त्यांवरच्या बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला छोटा उंदीर पुरून उरतो, कारण त्याच्या यकृतातलं एक एन्झाइम ग्लुटाथायोन नावाचा रेणू जोडून ते झपाट्याने निकामी करतं. माणसाचं यकृत यात फार मागे आहे. त्यामुळे उंदराकडे बघून निर्धास्त होऊ नका. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून फेकाच. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही.