डीएनए लस आणि आपली जनुके

‘डीएनए लस टोचली की माणसाची जनुके कायमची बदलतात’ असा मजकूर भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाची, चर्चा सुरू झाली की कोकणातही फिरतो.

अशा लशीत जिवाणू नसतो. त्याच्या एखाद्या प्रथिनाचे जनुक वाहणारे, प्लाझ्मिड नावाचे डीएनएचे कडे असते. आपली जनुके असतात त्या पेशीच्या केंद्रकात ते जाते, त्यामुळे शंका रास्तच आहे. परंतु गुणसूत्रात शिरण्याची स्वतःची यंत्रणा त्याच्याकडे नसल्याने ते बहुतांशी बाजूलाच राहते, पेशी त्यावरून प्रथिन बनवते आणि ते परके म्हणून ओळखून शरीर प्रतिपिंडे व टी-पेशी (संसर्गाशी लढणारी प्रथिने व पेशी) तयार करते. प्राण्यांवरील चाचण्यांत गुणसूत्राशी जोडणी झालीच तर ती अत्यंत विरळ आढळते.

शिवाय जिवाणूंविरुद्धच्या डीएनए लशी अजून प्रयोगाच्याच टप्प्यावर आहेत. कोयती लागल्यावर मिळणाऱ्या धनुर्वाताच्या लशीचे घटक कुपीवर वाचावेत. तेथे ‘टॉक्सॉइड’, म्हणजे निर्विष केलेले जिवाणूचे विष, असे छापलेले असते, डीएनए नव्हे.